करून तर पाहा! : आपल्याला न ऐकू येणारी शिट्टी

दोस्तांनो, यंदाच्या मे महिन्यात आमच्या पनवेलच्या घरी एक पेचप्रसंग उभा राहिला होता. सुट्टीला भाचा आणि भाची आले होते. भाचा नववीत, भाची सहावीत. घर जुनं, कौलारू. पुढे छोटंसं अंगण, अंगणात जास्वंद. त्या जास्वंदीत शिपाई बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं. कर्नाळ्याच्या अभयारण्यात जाऊन पक्षी बघायचे असा बेत होता, तर इथे पक्षीच आमच्या अंगणात मुक्कामाला! जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर वाटीएवढं घरटं आणि त्यात तीन पिल्लं. नुसत्या चोची आणि भूक!

आणि एक भाटी. करड्या रंगाची, पाठीवर पट्टे. कुणाचीच नाही आणि सगळ्या आळीची. ती रोज कुंपणाच्या भिंतीवरून यायची, जास्वंदीखाली बसायची आणि वर बघायची. बुलबुलांची जोडी कर्कश ओरडून अंगण डोक्यावर घ्यायची. आजी काठी आपटायची, भाटी जायची, दहा मिनिटांनी परत हजर.

‘‘मामा, तिला हाकलायचं यंत्र करू या ना,’’ भाचा म्हणाला. ‘‘म्हणजे आपण नसलो तरी ती यायची नाही.’’

यंत्र म्हटल्यावर मामा नाही कसा म्हणणार? तर आज तेच यंत्र तुम्हाला सांगतो. पण लेख शेवटपर्यंत वाचल्याशिवाय करायला घेऊ नका हं! का, ते तुम्हाला कळेलच.

मांजराचा कान

आवाज म्हणजे हवेची कंपनं. एका सेकंदात किती कंपनं झाली, ती त्या आवाजाची वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यापेक्षा जास्त वारंवारतेच्या आवाजाला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात श्राव्यातीत ध्वनी म्हटलंय. कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. आणि मांजराला? तब्बल ८५,००० हर्ट्झपर्यंत!

एवढा तिखट कान मांजराला कशाला हवा? उत्तर सोपं आहे. उंदीर आणि उंदरांची पिल्लं आपसांत श्राव्यातीत आवाजात चींचीं करतात. आपल्याला वाटतं, कोनाड्यात सामसूम आहे. मांजराला तिथे गप्पांचा फड रंगलेला ऐकू येतो.

ही गोष्ट पहिल्यांदा मजेशीर रीतीने तपासली ती फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने. १८७६ साली त्याने एक इवलीशी शिट्टी तयार केली. तिचा आवाज इतका बारीक करता यायचा, की शेवटी माणसाला तो ऐकूच येईना. ही शिट्टी त्याने हातातल्या काठीच्या टोकाला बसवली. काठीतून रबरी नळी घेतली आणि मुठीपाशी एक रबरी फुगा लावला. मग स्वारी निघाली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात! पिंजऱ्याजवळ काठी न्यायची, फुगा दाबायचा आणि कुठला प्राणी कान टवकारतो ते बघायचं. गाल्टनचा निष्कर्ष काय निघाला असेल? बारीक आवाज ऐकण्यात मांजराचा हात धरणारं त्याला कुणी भेटलं नाही.

आता पक्ष्यांचं काय? पक्ष्यांना श्राव्यातीत आवाज ऐकू येत नाहीत. त्यांच्या कानांची वरची मर्यादा आपल्यापेक्षाही कमी असते. म्हणजे यंत्र वाजलं तरी घरट्यातल्या पिल्लांना त्याचा पत्ता लागणार नाही. भाचा एकदम खूश! ‘‘म्हणजे फक्त तिलाच त्रास, बाकी कुणालाच नाही!’’

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचंय.

साहित्य

१. ५५५ नंबरची टायमर आयसी आणि तिचं आठ पायांचं सॉकेट
२. रेझिस्टर : १ किलोओहमचे दोन, १५ किलोओहमचा एक, १०० ओहमचा एक
३. ४७ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर)
४. कपॅसिटर : १ नॅनोफॅरड (त्यावर १०२ असं छापलेलं असतं), १० नॅनोफॅरड (त्यावर १०३), १०० मायक्रोफॅरड
५. पिएझो ट्विटर (साधा स्पीकर इथे चालणार नाही)
६. एक एलईडी, दाबायचं बटन, ९ व्होल्टची बॅटरी, तिची क्लिप, ब्रेडबोर्ड आणि तारा

५५५ ही आयसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समधली आजीबाईच. हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ साली ती आखली, १९७२ मध्ये ती बाजारात आली आणि आजही ती धडधाकट आहे! हे सामान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात विचारून पाहा. आम्ही मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. पनवेलहून हार्बरच्या गाडीने कुर्ला, तिथून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. सामान मूठभर आणि प्रवास दिवसभर! पण त्या रस्त्यावरची दुकानं बघणं ही निम्मी सुट्टी वसूल झाल्यासारखं आहे.

कृती

आयसीची खाच वर धरा. डाव्या बाजूला वरून खाली १, २, ३, ४ हे पाय. उजव्या बाजूला खालून वर ५, ६, ७, ८. इथे घाई केली, की सगळा घोटाळा होतो.

१. बॅटरीची अधिक तार बटनामधून ब्रेडबोर्डच्या अधिक पट्टीला जोडा. वजा तार थेट वजा पट्टीला.
२. पाय ४ आणि ८ अधिक पट्टीला. पाय १ वजा पट्टीला.
३. पाय ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर.
४. पाय ७ आणि ६ यांच्यामध्ये १५ किलोओहमचा रेझिस्टर आणि प्रीसेट, एकापुढे एक. प्रीसेटचा मधला पाय आणि कडेचा एक पाय वापरा.
५. पाय २ आणि ६ तारेने एकमेकांना जोडा. तिथून वजा पट्टीपर्यंत १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर.
६. पाय ५ पासून वजा पट्टीपर्यंत १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर.
७. पाय ३ पासून १०० ओहमचा रेझिस्टर, त्यापुढे ट्विटर आणि ट्विटरची दुसरी तार वजा पट्टीला.
८. अधिक आणि वजा पट्ट्यांमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याची वजा खूण असलेली बाजू वजा पट्टीलाच हवी.
९. तिथेच एलईडी आणि तिच्या जोडीला उरलेला १ किलोओहमचा रेझिस्टर. एलईडीचा लांब पाय अधिक बाजूला.

एलईडी कशाला, असं विचाराल. अहो, आवाज ऐकू येणार नाही ना! मग यंत्र चालू आहे की नाही हे डोळ्यांनीच कळायला हवं.

इथून वीज फक्त बॅटरीची घ्यायची. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही. ब्रेडबोर्डवर यंत्र नीट चाललं, की मगच पक्का डाख द्यायचा आणि तोही घरातलं मोठं माणूस जवळ असताना.

आजी, मामा, भाचा, भाची

आता खरी गंमत. या यंत्राची वारंवारता एका सूत्राने काढता येते. पाय ८ आणि ७ मधला रेझिस्टर ‘अ’, पाय ७ आणि ६ मधले मिळून ‘ब’ आणि पाय २ पाशी असलेला कपॅसिटर ‘क’ धरा.

वारंवारता = १.४४ ÷ [(अ + २ब) × क]

प्रीसेट एका टोकाला फिरवला, की ‘ब’ होतो १५ + ४७ म्हणजे ६२ किलोओहम. उत्तर येतं सुमारे साडेअकरा हजार हर्ट्झ. दुसऱ्या टोकाला ‘ब’ फक्त १५ किलोओहम. तेव्हा उत्तर येतं सुमारे ४६ हजार. करून पाहा वहीत!

आम्ही सगळे ओटीवर बसलो. भाच्याने बटन दाबलं. साडेअकरा हजारांवर मला, भाच्याला आणि भाचीला कानात सुई टोचल्यासारखी बारीक शिट्टी ऐकू आली. आजी म्हणाली, ‘‘दाब ना आता बटन!’’

बटन दाबलेलंच होतं.

भाच्याने प्रीसेट हळूहळू फिरवला. थोड्याच वेळात माझाही आवाज गेला, म्हणजे मला ऐकू येईना! पोरं दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडतायत आणि आजी नि मी एकमेकांकडे बघतोय. पुढे भाचा थांबला. सगळ्यांत शेवटी भाची म्हणाली, ‘‘गेला.’’

वय वाढतं तशी कानाची वरची मर्यादा खाली येते. आपल्या कानाच्या आतल्या शंखाकृती भागात बारीक केसांसारख्या पेशी असतात. सगळ्यांत बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी, आणि त्याच आधी झिजतात. म्हणून हा खेळ घरातल्या सगळ्या वयांच्या माणसांबरोबर खेळून पाहा. मात्र बटन दोन-तीन सेकंदच दाबायचं आणि ट्विटर कुणाच्याही कानाला लावायचा नाही. ऐकू न येणारा आवाजही कानावर आदळतच असतो.

मांजरासाठी आम्ही २५ हजार हर्ट्झ ठरवले. त्यासाठी बॅटरी काढून, आयसी सॉकेटमधून उपसून, पाय ७ आणि ६ च्या भोकांमध्ये मल्टिमीटर लावायचा आणि प्रीसेट फिरवून २८ किलोओहम आणायचे. सुट्या भागांमध्ये थोडाफार फरक असतोच, तेव्हा हजार-दोन हजार इकडेतिकडे होणार. घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला ऐकू येत असेल, तर आणखी वर न्या.

वहीतल्या नोंदी

यंत्र झालं. ते ओटीच्या कठड्यावर ठेवलं, तोंड जास्वंदीकडे. बटनाला लांब वायर जोडून भाचा खिडकीत दबा धरून बसला. आणि भाचीला मी दिली एक वही.

वही कशाला? तर ऐका. आपल्याच रायगड जिल्ह्यात, किहीमला, १९३० साली डॉ. सालिम अली शिडीवर मचाण करून तासन्‌ तास बसायचे आणि सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीत काय चाललंय ते टिपून ठेवायचे. सुगरणीचा नर एकामागून एक घरटी बांधतो आणि वेगवेगळ्या माद्यांशी संसार मांडतो, हे त्या नोंदींमधूनच पुढे आलं. ‘मला वाटतं’ आणि ‘मी पाहिलं’ यांत वही उभी असते!

भाचीच्या वहीत असं होतं :

पहिला दिवस. भाटी आली. बटन दाबलं. कान मागे पाडले, थबकली, पळाली.
दुसरा दिवस. तसंच. दोनदा.
तिसरा दिवस. बटन दाबलं. कान पाडले. पळाली नाही. भिंतीला घासून पडवीकडे गेली.
चौथा दिवस. पुन्हा पडवीकडे. चार वेळा.

‘‘तिला सवय झाली,’’ भाचा हिरमुसून म्हणाला. ‘‘मामा, आवाज वाढवू या. दोन ट्विटर लावू.’’

मलाही तेच वाटलं होतं. भाची मात्र वही बघत म्हणाली, ‘‘सवय झाली असती, तर तिने कान पाडले नसते. तिला त्रास होतोच आहे. तरी ती येतेय. का?’’

ती उठली आणि पडवीत गेली. तिथे पावसाळ्यासाठी लाकडं रचून ठेवली होती. लाकडांच्या मागे, आजीच्या जुन्या गोणपाटावर, तीन पिल्लं. मांजराची. डोळे नुकतेच उघडलेली. आणि आमच्या कठड्यावरच्या ट्विटरचं तोंड? जास्वंदीकडे, आणि तिच्या मागे त्याच सरळ रेषेत पडवीकडे.

दोस्तांनो, थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. भाटी पळून जाऊ शकत होती. तिची पिल्लं हलूही शकत नव्हती. चार दिवस आम्ही त्यांच्यावर शिट्टी रोखून बसलो होतो. आम्हाला ऐकू येत नव्हतं, एवढंच.

मग काय केलं?

भाच्याने बॅटरी काढली. पण त्याचा प्रश्न खराच होता. ‘‘मामा, ती बुलबुलाची पिल्लं खाईल ना!’’

‘‘तिचीही पिल्लं आहेत,’’ भाची म्हणाली.

दोघंही माझ्याकडे बघायला लागली आणि खरं सांगतो, मला उत्तर सुचेना. उत्तर दिलं आजीने. ‘‘अरे, काठी उचलायच्या आधी कुंपण घालतात!’’

आजीने शेजारच्या काकूंकडे निरोप धाडला. त्यांच्या परसात बोर आणि करवंद छाटून टाकलेली पडून होती. त्या काटेरी फांद्या आम्ही जास्वंदीच्या बुंध्याभोवती आणि खालच्या फांद्यांमध्ये अशा खोचल्या, की मांजराला पाय ठेवायला जागा उरू नये. बुलबुलांना वरून यायला वाट मोकळी ठेवली. हे सगळं झटपट उरकलं, कारण घरट्याशी माणसांनी जास्त वेळ घोटाळलं, की पक्ष्यांची जोडी बिथरते. मग आजीने मागच्या दाराशी भाटीसाठी भाकरीत सुक्या बोंबलांची डोकी कुस्करून ठेवायला सुरुवात केली. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, तेव्हा नुसत्या भाकरीवर भरवसा नव्हता. भरवसा काट्यांवर!

पुढे काय झालं? वहीतून सांगतो. भाटी दोनदा जास्वंदीपाशी गेली, काट्यांना नाक लावून परत फिरली. सहाव्या दिवशी सकाळी घरट्यात दोनच पिल्लं दिसली. तिसरं कुणी नेलं, ते आम्ही पाहिलं नाही. कावळा असेल, साप असेल, भाटीही असेल. भाचा लगेच म्हणाला, ‘‘भाटीच!’’ भाचीने वहीत लिहिलं, ‘‘कुणी नेलं ते दिसलं नाही.’’ उरलेली दोन पिल्लं त्याच आठवड्यात एका दुपारी फडफडत कुंपणावर जाऊन बसली आणि संध्याकाळी घरटं रिकामं होतं. भाटीनेही काही दिवसांनी आपली पिल्लं एकेक करून मानेला धरून दुसरीकडे हलवली.

मग यंत्र वाईट का?

नाही हं. यंत्र छान आहे. पण त्याला काय जमतं आणि काय जमत नाही, ते माहीत हवं.

ब्रिटनमध्ये पक्षीसंरक्षणाचं काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशाच एका विकतच्या यंत्राची चाचणी घेतली. २००६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. एका चाचणीत बागेत येणाऱ्या मांजरांच्या फेऱ्या सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, तर दुसऱ्या चाचणीत कमी झाल्याच नाहीत. मात्र मांजरं बागेत रेंगाळायची तो वेळ दोन्हीकडे घटला. म्हणजे उपयोग होतो, पण जादू होत नाही.

याचं एक कारण गणितात आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याला २५,००० ने भागा. एका लाटेची लांबी आली सुमारे १.४ सेंटिमीटर! इतकी आखूड लाट पानं, कुंडी, भिंत यांना वळसा घालून जात नाही, तिथेच अडते. शिवाय असा बारीक आवाज हवेत लवकर विरतो. म्हणून यंत्र एका दिशेला, थोड्या अंतरापर्यंतच काम करतं. विकतच्या यंत्रांत शरीराची उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर असतो. प्राणी समोर आला, की तेवढ्यापुरतंच ते वाजतं.

तेव्हा यंत्र केलंत, तर एवढे नियम पाळा :

१. लावण्याआधी ट्विटरच्या तोंडासमोर आणि त्याच्या मागे काय आहे, ते स्वतः चालत जाऊन बघा. गोठा, खुराडं, कुत्र्याचं घर, मांजराची पिल्लं, पाळणा!
२. घरात किंवा शेजारी कुत्रा, ससा, गिनीपिग असेल, तर त्यांनाही हा आवाज ऐकू येतो. शेजाऱ्यांना आधी विचारा.
३. बटन दोन-तीन सेकंदच. सतत चालू ठेवायचं नाही.
४. प्राण्याला निघून जायला वाट मोकळी असेल तरच वापरा. वाट नसेल, तर ते हाकलणं नव्हे, छळ आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देऊ नयेत, असा आपल्याकडे १९६० सालापासून कायदाही आहे.
५. आधी कुंपण, मग यंत्र. हा आजीचा नियम!

आमचं यंत्र आता भाच्याकडे आहे. मांजरासाठी नाही. त्याच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘कोणाला किती ऐकू येतं?’ असा तक्ता करून तो ते मांडणार आहे. त्याने खोक्यावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे : ‘चालू करण्याआधी मागे बघा.’

तुम्हीही घरातल्या माणसांच्या कानांचा तक्ता करा. एका बाजूला वय, दुसऱ्या बाजूला कुठल्या वारंवारतेला आवाज गेला ते. आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडापर्यंत किमान पाच जण घ्या आणि तक्ता आम्हाला पाठवा. आणि हो, आई-बाबांचा आकडा लिहिताना त्यांना चिडवू नका. तुमचाही आकडा एक दिवस तिथेच येणार आहे!